घरातली हवा कुणी मोजली?



शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या आपल्या गटांच्या बैठकीत सध्या घराचा विषय सारखा निघतो. कुणाचं घरकुल मंजूर झालंय, कुणाला फरशी बसवायचीय, कुणाला जुना ओटा काढून ग्रॅनाइटचा करायचाय. अशातच गटांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरला. ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन नावाचा विषारी वायू निघतो, त्याने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, तेव्हा ओटा करू नका, असं त्यात होतं. एक-दोघींनी ठरलेलं काम थांबवलंसुद्धा.

मेसेज खरा की खोटा, हे एका शब्दात सांगून टाकता आलं असतं. पण रेडॉनची गोष्ट फार जुनी आहे आणि तिच्यात बायका पावलोपावली भेटतात. ती सगळी ऐकली म्हणजे ओट्याचं उत्तर तर मिळेलच, शिवाय आपल्या घरातल्या हवेकडे बघायची नजरही मिळेल. म्हणून आजचा भाग त्या गोष्टीचा.

सात लग्नं झालेल्या बायका

जर्मनी आणि चेक देशाच्या सीमेवर डोंगरांची एक रांग आहे. पाचशे वर्षांपूर्वी तिथे चांदीच्या खाणी लागल्या. योआखिमस्टाल नावाच्या गावात इतकी चांदी निघाली की तिथल्या नाण्याला लोक ‘थालर’ म्हणायला लागले. आज आपण जो ‘डॉलर’ म्हणतो तो शब्द याच थालरवरून आला. त्या गावात अ‍ॅग्रिकोला नावाचे एक वैद्य होते. खाणीत उतरणारी माणसं कशी खंगतात, हे ते रोज बघत होते. खाणींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १५५६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापून आला. खाणकामगारांची फुप्फुसं पोखरणाऱ्या आजाराबद्दल लिहिताना त्यांनी एक नोंद केली आहे. कार्पेथियन पर्वतातल्या खाणींच्या भागात अशा बायका आढळतात, ज्यांची सात-सात लग्नं झाली आणि सातही नवरे या आजाराने गेले.

विचार करा, तायांनो. आजाराला अजून नाव नव्हतं, कारण माहीत नव्हतं. पण त्याचा हिशेब एका बाईच्या आयुष्यात लिहिलेला होता. किती माणसं मरतात हे मोजायला सरकारी कागद नव्हता. विधवांची गणती हाच कागद होता.

त्याच डोंगररांगेतल्या श्नीबर्ग गावच्या खाणकामगारांना १८७९ साली हार्टिंग आणि हेसे या दोन डॉक्टरांनी तपासलं. मेलेल्या कामगारांची शवविच्छेदनं केली. तेव्हा कळलं की हा आजार म्हणजे फुप्फुसाचा कॅन्सर आहे आणि सुमारे तीन-चतुर्थांश खाणकामगार त्यानेच मरतात. पण कशामुळे? धुळीमुळे, ओलीमुळे, की खनिजातल्या कसल्या विषामुळे? ते कुणालाच सांगता येईना.

हवेतला अनोळखी पाहुणा

पुढचा धागा पॅरिसमध्ये सापडला. मेरी क्यूरी आणि त्यांचे पती पिअर यांनी १८९८ साली रेडियम शोधलं. त्यासाठी लागणारा खनिजाचा गाळ आला होता त्याच योआखिमस्टालच्या खाणीतून. ज्या दगडाने एवढ्या बायकांचं कपाळ पांढरं केलं, त्याच दगडाने एका बाईला विज्ञानाचं मोठं शिखर दाखवलं.

१८९९ साली कॅनडात रदरफर्ड आणि ओवेन्स यांना आढळलं की थोरियम नावाच्या धातूतून काहीतरी वाफेसारखं बाहेर पडतं. १९०० साली जर्मनीत डॉर्न यांनी दाखवलं की रेडियममधूनही तसंच काहीतरी निघतं. पण हे ‘काहीतरी’ म्हणजे नेमकं काय? धूळ, वाफ की वायू?

हे शोधायला रदरफर्ड यांच्यासोबत बसल्या हॅरिएट ब्रूक्स. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातून भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेणारी ही पहिली बाई. हे ‘काहीतरी’ हवेत किती वेगाने पसरतं हे दोघांनी मोजलं आणि १९०१ साली मांडलं की हा एक नवा, जड वायू आहे. यालाच पुढे रेडॉन हे नाव पडलं.

हॅरिएट ब्रूक्स यांचं पुढे काय झालं, तेही ऐका. १९०६ साली त्या न्यूयॉर्कमधल्या बायकांच्या एका कॉलेजात शिकवत होत्या. त्यांचं लग्न ठरलं आणि कॉलेजच्या प्रमुख बाईंनी सांगितलं की लग्न केलंत तर नोकरी सोडावी लागेल. ब्रूक्स यांनी उलट लिहून कळवलं की लग्न झालं म्हणून बाईने आपलं काम सोडावं हे मला मान्य नाही. त्यांनी ते लग्न मोडलं, तरी शेवटी कॉलेजही सुटलंच. पुढे काही काळ त्यांनी पॅरिसला मेरी क्यूरींकडे काम केलं. १९०७ साली लग्न झालं आणि त्यांचं संशोधन थांबलं. १९३३ साली, वयाच्या ५६ व्या वर्षी त्या वारल्या. रेडॉनच्या शोधात त्यांचं नाव आज घेतलं जातं, पण किती उशिरा! ‘सून आल्यावर बाहेरचं काम कशाला’ हे वाक्य फक्त आपल्याच गावात ऐकू येतं असं नाही.

लाह्यांचा हिशेब

आता हा वायू नेमका काय आहे ते समजून घेऊ. मी शास्त्राची विद्यार्थिनी नाही, बी.ए. केलंय, तरी मला जसं समजलं तसं सांगते.

जमिनीत, दगडात, मातीत सगळीकडे युरेनियम अगदी थोड्या प्रमाणात असतं. ते फार सावकाश फुटत जातं आणि त्यातून रेडियम तयार होतं. रेडियम फुटलं की रेडॉन. याला रंग नाही, वास नाही, चव नाही. हवेपेक्षा तो सात-आठ पटींनी जड असतो. जमिनीच्या भेगांतून, मातीच्या सच्छिद्र भागातून तो वर येतो.

रेडॉनचे कणही फुटतात. कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात ना, तसे. कोणता दाणा कधी फुटेल ते सांगता येत नाही. पण एकूण किती वेळात किती फुटतील याचा अंदाज पक्का असतो. रेडॉनचे आज १०० दाणे असतील तर पावणेचार दिवसांच्या आसपास त्यातले ५० फुटलेले असतील. आणखी तेवढेच दिवस गेले की २५ उरतात. हवेत एका सेकंदाला एक दाणा फुटला तर त्याला एक बेकरेल म्हणतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या हवेत किती बेकरेल, हे रेडॉनचं माप. आपण दुधाचं फॅट बघतो, तसं हे हवेचं माप समजा.

आपण श्वासातून घेतलेला रेडॉन बहुतेक तसाच परत बाहेर पडतो. त्रास होतो तो त्याच्या पिलावळीचा. रेडॉन फुटला की त्यातून घन कण तयार होतात. ते धुळीला, धुराला चिकटतात आणि श्वासावाटे फुप्फुसात जाऊन बसतात. तिथे ते फुटले की त्यांच्या किरणांचा मार आतल्या नाजूक अस्तराला बसतो. वर्षानुवर्षं असा मार बसला तर कॅन्सरची शक्यता वाढते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्यापेक्षा सुमारे २५ पट असतो, कारण तिथे दोन वैरी एकत्र येतात.

मोकळ्या हवेत रेडॉन पसरून विरून जातो. बंद जागेत तो साठतो. ही एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी आजच्या भागाचं निम्मं काम झालं.

नवाहो बायकांची बैठक

आता अमेरिकेत जाऊ. तिथल्या नैऋत्य भागात नवाहो नावाचे आदिवासी राहतात. मेंढ्या पाळणारे, घोंगडी विणणारे हे लोक. त्यांच्या जमिनीत युरेनियम सापडलं. अणुबाँबसाठी ते सरकारला हवं होतं. १९४४ ते १९८६ या काळात तिथून जवळपास ३ कोटी टन खनिज काढलं गेलं. नवाहो पुरुष खाणीत उतरले. खाणीत हवा खेळती ठेवायची सोय नव्हती. सुरुंग उडाला की धूळ खाली बसायच्या आत माणसं आत पाठवली जायची. तहान लागली की खाणीत झिरपणारं पाणी प्यायचं. संध्याकाळी धुळीने माखलेले कपडे घरी यायचे आणि बायका ते हाताने धुवायच्या. खाणीतून टाकून दिलेले दगडही लोकांनी घरं बांधायला वापरले. त्यामुळे रेडॉन खाणीतून घरात आला.

युरोपातल्या खाणींचा अनुभव तोवर डॉक्टरांना ठाऊक होता. खाणीत वारा फिरवला तर धोका बराच कमी होतो, हेही माहीत होतं. अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्याने १९५० पासून या कामगारांची तपासणी सुरू केली. पण कामगारांना धोका काय आहे ते सांगितलं नाही. तपासणी झाली, नोंद झाली आणि माणसं परत खाणीत गेली.

मग पुरुष खोकायला लागले, रक्त पडायला लागलं, एकेक करून मरायला लागले. बिडी-सिगारेट फारशी न ओढणारे हे लोक, आणि मरत होते फुप्फुसाच्या कॅन्सरने. १९६० च्या सुमारास काही विधवा बायका एकत्र जमल्या आणि आपापल्या नवऱ्याच्या मरणाबद्दल बोलू लागल्या. तुमचा कुठल्या खाणीत होता? आजार कसा सुरू झाला? आमच्याकडेही असंच झालं! एकीचं दुःख दुसरीच्या दुःखाशी जुळलं, तेव्हा ते नशीब नसून कुणाची तरी कसूर आहे, हे त्यांना कळलं. त्या बोलण्यातून चळवळ उभी राहिली, वकील आले, कोर्टकचेऱ्या झाल्या. तीस वर्षांनी, १९९० साली, नुकसानभरपाईचा कायदा झाला. २००५ मध्ये नवाहो लोकांनी आपल्या भूमीवर युरेनियमच्या खाणकामालाच बंदी घातली.

अ‍ॅग्रिकोलांच्या ग्रंथातल्या बायका एकेकट्या होत्या, म्हणून त्यांची नुसती नोंद झाली. नवाहो बायका एकत्र बसल्या, म्हणून कायदा झाला. बैठकीची ताकद काय असते, हे गटातल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

खाणीतून माजघरात

रेडॉन ही फक्त खाणीतली गोष्ट आहे असं बराच काळ मानलं जायचं. १९५६ साली स्वीडनमध्ये एका संशोधकाने घरांतला रेडॉन मोजून बघितला. तिथे एका विशिष्ट दगडापासून बनवलेलं हलकं काँक्रीट घरांना वापरत होते. त्या घरांत रेडॉन जास्त सापडला. पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९७३ मध्ये जगभर तेल महागलं. थंड देशांत घर गरम ठेवायला इंधन लागतं. ते वाचवायला लोकांनी घराच्या फटी बुजवल्या, खिडक्या घट्ट केल्या. ऊब आत राहिली आणि रेडॉनही आतच राहिला.

डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात एक चमत्कारिक प्रकार घडला. स्टॅन्ली वॉट्रस नावाचे इंजिनिअर एका नव्या अणुवीज केंद्रात कामाला होते. तिथे दारावर यंत्र असतं. कामावरून जाताना अंगाला किरणोत्सारी धूळ लागली असेल तर ते वाजतं. वॉट्रस आले की यंत्र वाजायचं. केंद्र तर अजून नीट सुरूही झालेलं नव्हतं. शेवटी त्यांनी सकाळी आत शिरता शिरताच स्वतःला तपासून घेतलं, तरी यंत्र वाजलं! म्हणजे धूळ केंद्रातली नव्हती, ते घरून घेऊन येत होते. घर तपासलं तेव्हा तिथल्या हवेत दर घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन निघाला. आज जगात १०० ते ३०० च्या वर जाऊ नये असं सांगतात. त्या घरात ते, त्यांची पत्नी आणि लहान मुलं झोपत होती. घर नेमकं युरेनियम असलेल्या खडकावर उभं होतं. कुटुंबाला काही महिने घर सोडावं लागलं.

घर पाडलं का? नाही. दुरुस्त केलं. त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. जमिनीच्या भेगा बुजवायच्या. फरशीखाली खडीच्या थरात एक पाइप घालायचा, तो भिंतीने वर छपरापर्यंत न्यायचा आणि वर एक छोटा पंखा बसवायचा. जमिनीतला वायू घरात शिरायच्या आधीच पाइपमधून वर निघून जातो. धुराड्याचाच हा भाऊ म्हणा ना! ती मंडळी पुढच्या वर्षी त्याच घरात राहायला परत गेली.

१९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने रेडॉनला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या यादीत घातलं. २००९ साली त्या संघटनेने सांगितलं की शक्यतो घरातला रेडॉन १०० बेकरेलच्या आत ठेवा; ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ देऊ नका. जगातल्या घरांची सरासरी ४० च्या आसपास मानतात.

आपला काळा पाषाण

आता आपल्या घरी येऊ. टाकळी हाजी आणि निघोजच्या मध्ये कुकडी नदीच्या पात्रातले रांजणखळगे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी यात्रेच्या निमित्ताने बघितले असतील. तो काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले, त्याचं हे दख्खनचं पठार झालं. घोड आणि भीमेच्या काठची आपली गावं याच दगडावर बसली आहेत. या दगडात युरेनियम फार कमी. एक टन बेसाल्टमध्ये ते एक ग्रॅमही भरत नाही. ग्रॅनाइटमध्ये टनाला साधारण तीन ते पाच ग्रॅम असतं. म्हणून ग्रॅनाइटच्या प्रदेशात, उदाहरणार्थ बेंगळुरूच्या बाजूला, बोअरच्या पाण्यातसुद्धा रेडॉन जास्त आढळला आहे. आपल्याकडे पायाखालच्या खडकाचीच आपल्यावर मेहेरबानी आहे.

दुसरं, आपला देश उष्ण. दारं-खिडक्या उघड्या असतात, थंड देशांसारखी तळघरात माणसं झोपत नाहीत. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विद्यापीठांना सोबत घेऊन देशभरात घराघरांतला रेडॉन मोजला आहे. त्याची एक सोपी रीत म्हणजे घरात एका छोट्या डबीत खास फिल्मचा तुकडा टांगायचा आणि साधारण तीन महिन्यांनी काढून तपासायचा. फुटणाऱ्या कणांचे बारीक ओरखडे त्या फिल्मवर उमटलेले असतात, ते मोजायचे. अशा मोजणीत भारतातल्या घरांची सरासरी जगाच्या सरासरीहून कमी निघाली.

आता त्या मेसेजचं उत्तर. ग्रॅनाइटच्या ओट्यातून रेडॉन निघतो का? निघतो, पण अगदी थोडा. ओट्याचा एक दगड आणि घराखालची सगळी जमीन, यात जमिनीचा वाटा कितीतरी मोठा. स्वयंपाकघरात खिडकी असेल तर ओट्याचा रेडॉन मोजण्यात येईल एवढा साठतही नाही. तेव्हा ज्यांनी काम थांबवलंय त्यांनी खुशाल ओटा करावा. मात्र ओटा करताना गवंड्याला एक प्रश्न विचारावा : खिडकी कुठे आहे?

आणि हो, ‘शेणाने सारवलं की किरण अडतात’ असंही कुणी सांगतं. सारवल्याने भेगा बुजतात, धूळ खाली बसते, जमीन स्वच्छ राहते, हे खरं. पण शेणाने किरण अडतात याला आधार नाही.

मग आपल्या घरात काय आहे?

रेडॉनचं भय आपल्याकडे कमी आहे, म्हणून रेडिओ बंद करू नका. खरी गोष्ट पुढेच आहे. बंद जागेत साठतं आणि फुप्फुसात जातं ते आपल्या घरात दुसरंच काही आहे, आणि ते डोळ्यांना दिसतं. चुलीचा धूर.

खाणकामगारांना तपासायला डॉक्टर १८७९ सालीच पोचले. बाईच्या चुलीपुढची हवा मोजायला त्यानंतर शंभर वर्षं लागली. १९८१ साली कर्क स्मिथ नावाचे अमेरिकी संशोधक गुजरातमधल्या खेड्यांत आले. भारतीय सहकाऱ्यांबरोबर त्यांनी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावली आणि त्या किती धूर गिळतात ते मोजलं. कारखान्यांच्या शहरात जेवढा धूर वाईट समजला जातो, त्याच्या कित्येक पट धूर त्या बायकांच्या नाकापुढे होता. १९८३ साली हे छापून आलं. स्मिथ यांनी पुढे २०२० मध्ये मृत्यू येईपर्यंत हाच विषय लावून धरला.

पुण्यातले छातीच्या आजारांचे तज्ज्ञ डॉ. संदीप साळवी यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एका इंग्रज डॉक्टरांसोबत लेख लिहिला. दमछाक करणारा, फुप्फुसं आवळून टाकणारा सीओपीडी हा आजार फक्त बिडी ओढणाऱ्यांचा नाही, हे त्यांनी मांडलं. जगात बिडी-सिगारेट ओढणारे सुमारे १०० कोटी, तर चुलीच्या धुरात राहणारे सुमारे ३०० कोटी. म्हणजे जगाचा हिशेब केला तर धूर हेच त्याचं सर्वांत मोठं कारण असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली. अमेरिकेत रेडॉनमुळे वर्षाला २१ हजार मृत्यू होतात असं तिथलं सरकार म्हणतं. देश वेगळे, हिशेब वेगळे, हे खरं. पण कशाची काळजी किती करायची याचा अंदाज यावा म्हणून आकडे सांगितले.

आपल्या शिरूर तालुक्यातलं वढू बुद्रुक तुम्हाला माहीत आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने १९७० च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्याच्या कामात आणणं हा त्यांचा भर होता. बानूबाईंना १९९३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच वढूच्या परिसरात पुढे चुलीचा धूर आणि श्वासाचे आजार यांवरही अभ्यास झाले. आपल्याच भागातल्या बायकांच्या फुप्फुसांनी त्या ज्ञानात भर घातली आहे.

उपायांचाही इतिहास आहे. १९८३ साली सरकारने सुधारित चुलीचा कार्यक्रम सुरू केला. तो २००२ पर्यंत चालला. धुराड्याच्या चुली घरोघर बसल्या. पण पुष्कळ ठिकाणी चूल फुटली, धुराडं काजळीने बुजलं आणि दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. बायकांनी ती काढून जुनी चूल मांडली. लोक म्हणाले, बायकांना सुधारणा नको असते. खरं तर चूल देताना कुणी विचारलंच नव्हतं की भाकरीचा तवा तिच्यावर बसतो का. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली स्थापन केलेल्या ‘आरती’ या संस्थेने चुलींवर काम केलं, आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करायची रीत काढली. तिला २००२ साली इंग्लंडचा अ‍ॅश्डन पुरस्कार मिळाला. दौंडच्या उसाच्या पट्ट्यात पाचट कसं पेटवून देतात हे आपण दर हंगामात बघतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि गॅस दारात आला. पण सिलिंडर भरायला पैसे नसले की गॅस चहापुरता उरतो. भाकरी, अंघोळीचं पाणी आणि पाहुण्यांचा स्वयंपाक परत चुलीवर.

जुनं साणं, नवं स्लॅब

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांना छताला साणं असायचं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. आजीला रेडॉन माहीत नव्हता, पण हवा वरून गेली पाहिजे हे तिला माहीत होतं. वॉट्रस यांच्या घरावर बसवलेला पाइप आणि आपलं साणं, दोन्हींचा नियम एकच. आता स्लॅब आला. स्लॅब पक्का, पावसाचं भय नाही, चांगलंच झालं. पण साणं गेलं आणि त्याच्या जागी काही आलं नाही. खिडकी असते, तिच्यापुढे पेट्या रचलेल्या असतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीजवळ भाड्याच्या खोल्यांची रांग बघा. एकच दार, मागे खिडकी नाही, त्यातच गॅस, त्यातच अंथरूण, त्यातच तान्हं बाळ.

म्हणून गटांना माझं सांगणं असं :

घरासाठी कर्ज मागायला ताई आली की हप्त्याबरोबर हेही विचारा : स्वयंपाकघराला समोरासमोर दोन वाटा आहेत का? एक खाली हवा यायला, एक वर छताजवळ हवा जायला. भिंत बांधतानाच झरोका ठेवला तर खर्च नगण्य. मागून फोडायचा तर गवंडी, मजुरी आणि नवऱ्याची कुरकुर.

फरशीच्या आणि भिंतीच्या सांध्याच्या भेगा सिमेंटने भरून घ्या. रेडॉन असो, वाळवी असो की ओल असो, वाट तीच असते.

चूल लागतच असेल तर ती पडवीत किंवा अंगणात आडोशाला मांडा. आत असेल तर धुराडं छपराच्या वर काढा आणि महिन्यातून एकदा झाडा. तान्ह्या मुलाला आणि गरोदर बाईला चुलीपासून दूर ठेवा.

थंडीत बंद खोलीत शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात. इथे वर्षानुवर्षं लागत नाहीत, एक रात्र पुरते.

घरात बिडी-सिगारेट नको. हे सांगणं अवघड असतं, मला माहीत आहे. एकटीने सांगितलं तर भांडण होतं, गटाने ठराव केला तर निदान बिडी ओट्यावरून अंगणात जाते.

सिलिंडरसाठी गटात वेगळी छोटी बचत काढता येईल. महिन्याला थोडं टाकलं तर दोन-तीन महिन्यांत एक सिलिंडर भरतो. शेळीच्या कर्जाला आपण उत्पादक कर्ज म्हणतो. बाईचं फुप्फुस शाबूत ठेवणारं कर्ज उत्पादक कसं नाही?

खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, चढण चढताना दम लागला, तर ‘धुराची सवय आहे’ म्हणून अंगावर काढू नका. आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या. तिथे ‘मी चुलीवर इतकी वर्षं स्वयंपाक करते’ हे स्वतःहून सांगा. डॉक्टर बिडीचं विचारतात, चुलीचं विचारायचं पुष्कळदा राहून जातं.

आणि शेवटचं. पुढच्या बैठकीत हजेरी आणि हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने सांगायचं : माझ्या घरात चूल कुठे आहे, खिडकी किती आहेत, घरात खोकला कुणाला आहे. सचिव ताईंनी ते वहीत लिहायचं. नवाहो बायकांनी एवढंच केलं होतं. एकमेकींना विचारलं आणि लिहून घेतलं. वहीतली ती पानं पुढच्या ग्रामसभेत घेऊन जा, कारण घरकुलाची यादी तिथे वाचली जाते आणि झरोक्याची मागणी तिथेच करायची असते.